खालच्या भोंग्यांची तार

जुमिराचा अॅम्प्लिफायर दुसऱ्यांदा जळाला तेव्हा मी तिच्या शेजारीच उभा होतो. भोंगे गप्प होते. माईकमध्ये मी अजून एक अक्षर बोललो नव्हतो. तरी तिनं हीटसिंकच्या पात्यांवर ठेवलेलं बोट झटकन मागं घेतलं.

"बंद करा पाक, बंद करा!"

मी बटणाकडे हात नेईपर्यंत आत टक् झालं, फ्यूज उडाला आणि करपलेल्या वार्निशचा वास चौकीभर पसरला. जुमिरा खाली बसली. डोक्याचा रुमाल मागं सारून तिनं कपाळ पुसलं. मग ती उघड्या डब्यात वाकली.

"आवाज नाही, काही नाही, मग हा तापतो कशानं?" ती म्हणाली. मला विचारलं नव्हतं. मला विचारून उपयोगही नव्हता.

मी तुकिरान. आमच्याकडे मोठ्या पुरुषाला पाक, बाईला बू आणि म्हातारीला म्बाह म्हणतात. सुंबरवुंगु गावाच्या वरच्या अंगाला, अरेंग नदीच्या काठावर टेहळणीची चौकी आहे, तिथं माझी बारा वर्षं गेली. नदी म्हणायची, पण वर्षातले आठ महिने तिच्यात गुडघाभरही पाणी नसतं. असते ती रेती. ज्वालामुखी दर काही वर्षांनी राख ओकतो, ती राख आणि दगड नदी खाली आणून टाकते, आणि आमचं गाव त्या रेतीवर जेवतं. पुरुष ट्रक भरतात, बायका खडी निवडतात. धोका एवढाच, की डोंगरमाथ्यावर पाऊस पडला तर आमच्याकडे लख्ख ऊन असतानाही लाहार येतो. त्याला पूर म्हणणं बरोबर नाही. त्यात पाणी कमी आणि डोंगरच जास्त. घराएवढा दगड त्यात लाकडासारखा तरंगत येतो.

आदल्या पावसाळ्यात वीज पडून चौकीवरचा जुना सायरन मेला. त्यानंतरच्या पहिल्याच लोंढ्यात खालच्या उतारावर रेती भरणारा कास्बोला गेला. मी काठावर उभा राहून केंतोंगान, म्हणजे इशाऱ्याचं पोकळ लाकूड, बडवत होतो. हात सोलून निघाले. पण ट्रकचं इंजिन चालू होतं आणि त्याची पाठ माझ्याकडे होती. त्यानं एकदा जरी वळून पाहिलं असतं तरी वाचला असता. हे मी वर्षभर रोज मनात घोळवत होतो.

म्हणून गावानं जुमिराला सांगितलं, आवाज लांब जाईल असं काहीतरी बांधून दे.

जुमिरा तेव्हा चाळिशीची असेल. लग्नाआधी नऊ वर्षं ती बाताम बेटावरच्या एका कारखान्यात होती. भिंगाखाली मान घालून दिवसभर सर्किटच्या पाट्यांवर तांदळाच्या दाण्याएवढे सुटे भाग सोल्डर करायचे, एवढंच काम. सोबतच्या पोरी सुट्टीच्या दिवशी बाजारात जायच्या. ही तिथल्या म्हाताऱ्या तंत्रज्ञाच्या मागं लागायची, की हा भाग काय करतो, आणि हा इथंच का? गावी परत आली ती सोल्डरची कांडी, वीज मोजायचा एक मीटर आणि दोन जाड वह्या घेऊन. आता गावातले पंखे, टीव्ही, लग्नाच्या मांडवातले साउंड बॉक्स, सगळं तिच्याकडे यायचं. कमी बोलायची. काम करताना जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर यायचं आणि कुणी हाक मारली तरी ऐकू जायचं नाही.

तिनं जुन्या कॉम्प्युटरच्या पेटीत अॅम्प्लिफायर बांधला. आठ मोठे ट्रान्झिस्टर, मागं उष्णता बाहेर टाकायला अॅल्युमिनियमच्या पात्यांचा जाड हीटसिंक. चौकीच्या छपरावर दोन भोंगे, आणि चारशे मीटर खाली, ट्रक उतरतात त्या उतारावर आणखी दोन. तिथवर आम्ही झाडाझाडांवरून दुपदरी तार नेली. घरी टेबलावर तिनं तो तासन् तास चालवून पाहिला होता. भोंग्यांच्या जागी पाण्याच्या बादलीत बुडवलेली तार जोडायची, पाणी कोमट होईपर्यंत गाणी लावायची. कुठं तक्रार नाही. चौकीवर आणला की दहा मिनिटांत खलास.

"घरी मी तापतो, हा बाहेर तापतो," तिचा नवरा सार्जी म्हणाला. "दोघांना एकत्र ठेव, कुणीतरी गार राहील."

सार्जी खालच्या उतारावर ट्रक भरायचा. तोंडानं फटकळ, पण दुसऱ्यांदा जळालेली ती जड पेटी खांद्यावर घेऊन घरी त्यानंच नेली.

त्या संध्याकाळी गावाच्या कचेरीत बैठक झाली. गावचे चिटणीस पाक बासिर यांनी आधीच वर दोनदा पत्रं पाठवली होती, नवा सायरन यायला अजून महिना होता. माथ्यावर ताजी राख साठलेली, पाऊस सुरू झालेला. बासिर म्हणाले, नदी बंद करा. मागून कुणीतरी विचारलं, "आणि चुली?"

मग बासिर जुमिराकडे वळले. "बू जुमिरा, बातामला पाट्या चिकटवल्या म्हणजे कारखाना पिशवीत घालून आणला असं होत नाही."

"मग तुम्ही बांधा ना, पाक," जुमिरा म्हणाली. "कांडी मी देते. तापलेलं टोक कोणतं ते तेवढं आधी विचारा."

लोक हसले. बासिर हसले नाहीत. "पुढच्या लेगीच्या बाजारापर्यंत," ते म्हणाले. "पाच दिवस. तोवर हा चालला नाही तर मी दोर लावून नदी बंद करतो. मग शिव्या मला द्या, चालेल. कास्बोलाच्या बायकोपुढं मला परत उभं राहायचं नाही."

बाहेर पडल्यावर जुमिरा मला एवढंच म्हणाली, "माणूस बरोबर बोलला."

पहिले तीन दिवस ती बायसच्या मागं लागली होती. बायस म्हणजे काय ते तिनं मला समजेल असं सांगितलं होतं. "ट्रान्झिस्टर तुमच्यासारखा पहाऱ्यावरचा माणूस धरा. गाढ झोपला तर हाकेसरशी दचकून उठतो, पहिला शब्द फाटतो. म्हणून काम नसतानाही त्याच्यातून थोडा प्रवाह वाहता ठेवायचा, डुलकीपुरता. पण तो जास्त झाला की ट्रान्झिस्टर तापतो. तापला की आपण होऊन आणखी प्रवाह ओढतो, आणखी तापतो. मग त्याला कुणी थांबवू शकत नाही."

तिनं नवे ट्रान्झिस्टर घातले. प्रवाह ठरवणारा छोटा स्क्रू इतका मागं फिरवला, की मीटर जेमतेम नऊ मिलिव्होल्ट दाखवायचा. घरी नऊ म्हणजे नऊ. चौथ्या दिवशी सकाळी पेटी पुन्हा चौकीवर आली. या वेळी जुमिरानं विजेच्या तारेत मध्येच एक मोठा बल्ब जोडला होता. आत काही बिघडलं तर जादा प्रवाह बल्ब खाईल, ट्रान्झिस्टर वाचतील.

चारही भोंगे जोडले, बटण दाबलं. बल्ब क्षणभर पेटून विझायला हवा होता. तो पेटला आणि पेटलेलाच राहिला. मीटरचा आकडा नऊवरून कुठच्या कुठं गेला.

"परत तेच," ती म्हणाली. तिनं स्क्रू आणखी मागं फिरवला. बल्ब तसाच. पार शेवटपर्यंत फिरवला. बल्ब तसाच. मग मी तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती पाहिली. पेटी स्क्रूचं ऐकत नाही म्हणजे काय, हे तिलाही कळत नव्हतं. दक्षिणेकडं डोंगर ढगात गेला होता. खाली नदीत सहा ट्रक होते, मी मोजले.

दुपारी तिची सासू, म्हातारी म्बाह पोनिरा, केळीच्या पानात भात आणि तळलेलं सोयाबीनचं तेंपे घेऊन वर आली. सोबत तिचा हातभर रेडिओ. दुपारी एक वाजता त्यावर राजाराणीचं नाटक लागायचं आणि ते तिनं कुणाच्या मयतीतही चुकवलं नव्हतं. बाकावर बसून तिनं रेडिओ कानाला लावला. जुमिरानं पेटी पुन्हा चालू केली आणि म्हातारी ओरडली.

"ए! तुझ्या डब्यानं माझी राजकन्या गिळली!"

"बॅटरी उतरली असेल, आई."

"कालच घातल्यात. तू बटण दाबलंस आणि शूऽऽ करायला लागला. बंद कर ते तुझं."

जुमिरानं वैतागून बंद केलं. रेडिओवर राजकन्या रडत होती. चालू केलं, नुसती शूऽऽ. बंद केलं, पुन्हा राजकन्या. जुमिराची जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली. ती उठली, म्हातारीच्या हातातून रेडिओ घेतला आणि पेटीशेजारी ठेवला.

"अगं, तो माझा!"

"दोन मिनिटं, आई. पाक तुकिरान, खालच्या भोंग्यांची तार काढा."

मी लांबवरच्या दोन भोंग्यांची तार सोडवली. तिनं बटण दाबलं. बल्ब चमकून विझला. रेडिओवर राजा खणखणीत आवाजात कुणालातरी देशोधडीला लावत होता. "आता जोडा," ती म्हणाली. मी तार टेकवली. राजा गेला, बल्ब भडकला. काढली, राजा आला. आम्ही सात वेळा तसं केलं. म्हातारीनं सातही वेळा आमचा उद्धार केला.

"बायस नव्हता हो," जुमिरा म्हणाली. "चार दिवस मी भलत्यालाच धरून बसले होते. हा आत ओरडतोय."

"कोण ओरडतंय?"

"अॅम्प्लिफायर. बाहेर गेलेल्या आवाजाचा थोडा भाग तो परत आत घेतो आणि स्वतःची चूक सुधारतो. ही चारशे मीटरची तार दोन पदरांची, शेजारी शेजारी चिकटलेली. तिच्यामुळं तो परत येणारा भाग उशिरा पोचतो. मग सुधारायच्या ऐवजी हा स्वतःच्याच आवाजाला साथ देत सुटतो. इतक्या बारीक सुरात, की माणसाला ऐकूच येत नाही. रेडिओला येतं. सगळी ताकद त्यातच जाते, म्हणून गप्प बसून तापतो." मग ती म्हणाली, "घरी बादली होती. एवढी लांब तार कुठं होती घरी?"

पाचव्या दिवशी, म्हणजे दर पाच दिवसांनी येणाऱ्या लेगीच्या बाजाराच्या दिवशी, ती सकाळी सातलाच वर आली. रात्री तिनं जाड तांब्याच्या वार्निश केलेल्या तारेचे चौदा वेढे बॉलपेनवर गुंडाळून एक वेटोळं केलं होतं. ते अॅम्प्लिफायर आणि लांब तार यांच्या मध्ये बसवायचं, म्हणजे त्या बारीक सुराला लांब तार दिसणारच नाही. सोबत एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर. ते आधी पाटीच्या दुसऱ्या टोकाला होते, ते तिनं उचलून बाहेर जाणाऱ्या तारेला अगदी चिकटून लावले. म्हातारीचा रेडिओ मागून आणला होता. बटण दाबलं. बल्ब विझला. रेडिओवर कुणीतरी भाज्यांचे भाव सांगत होतं, स्पष्ट. मी चारही भोंग्यांतून "एक, दोन, तीन" म्हटलं आणि खालून ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून उत्तर दिलं.

जुमिरा मात्र मीटरकडे बघत होती. मला दहा मिनिटं बोलत राहायला लावलं. नऊ, अकरा, चौदा, अठरा.

"चढतोय," ती म्हणाली. "बायसमध्येही खोट आहे. मोठी खोट होती तोवर ही दिसत नव्हती."

खोट तिची तिलाच सापडली. गरम झालं की प्रवाह आवरायचं काम एका लहान ट्रान्झिस्टरकडे असतं. तो हीटसिंकला चिकटलेला हवा, तरच त्याला कळेल की मोठे तापलेत. तिनं तो पाटीवरच उभा केला होता, हवेत. बादलीच्या पाण्याच्या परीक्षेत तो चालून गेला, कारण घरी पंखा होता. तिनं तो उपसला, तीन लहान वायरी जोडून हीटसिंकपर्यंत आणला. आता स्क्रूसाठी एक भोक पाडायचं राहिलं होतं, आणि ड्रिल सार्जीच्या ट्रकमध्ये होतं. जेवायला वर येताना तो घेऊन येणार होता. मधला बल्बही तिनं काढून टाकला, कारण तो असताना भोंग्यांना पूर्ण ताकद मिळत नव्हती.

पाक बासिर साडेदहाला आले. दोराचं भेंडोळं खांद्यावर होतं. "चालतो का?"

"चालतो," मी म्हणालो.

"अजून एक भोक बाकी आहे," जुमिरा म्हणाली. "दुपारपर्यंत."

बासिर दोर खाली ठेवून बाकावर बसले. त्यांनी सिगरेट काढली, पण पेटवली नाही. आमच्या वायरलेसवर सेनेनचा आवाज आला तो तेव्हाच. सेनेन आठ किलोमीटर वर, बंधाऱ्यावर असतो. बारा वर्षांत मी त्याला कधी घाईत बोलताना ऐकलं नव्हतं.

"तुकिरान, आला. मोठा आहे. बंधाऱ्यावरून जातोय, वरून. ऐकतोयस ना? वरून जातोय!"

आमच्याकडे ऊन होतं. नदीत सात ट्रक आणि चाळीसएक माणसं. वीस मिनिटं, फार तर.

जुमिरानं बटण दाबलं. तो लहान ट्रान्झिस्टर तिच्या हातात तीन वायरींवर लोंबकळत होता. मी माईक घेतला. "लाहार आला! वर या! ट्रक सोडा, वर या! लाहार आला!" माझाच आवाज नदीच्या दोन्ही कड्यांवर आपटून परत आला. वरच्या वळणावरच्या बायका टोपल्या टाकून पळताना दिसल्या. खालचा उतार झाडांमुळं चौकीवरून दिसत नाही.

"थांबू नका," जुमिरा म्हणाली. "आणि मीटर वाचा, मला मान वळवता येणार नाही." तिनं पेटीतून अभ्रकाची चकती काढून हीटसिंकवर ठेवली, त्यावर तो ट्रान्झिस्टर, आणि पिशवीतली साते नावाचं मांस भाजायची बांबूची काडी घेऊन तो वरून दाबून धरला. तीन उघडे पाय, प्रत्येकात बोटभर अंतर नाही. दोन एकमेकांना टेकले असते तर सगळं संपलं असतं.

"वर या! लाहार आला! बावीस! ट्रक सोडा!"

"माईक बाजूला धरून आकडा सांगा, पाक!"

"हो हो. वर या! एकतीस!" तेही चारही भोंग्यांतून गेलं.

मध्ये एकदा काडी सटकली. आकडा एकदम चाळिसाला गेला आणि हीटसिंकवरून वास यायला लागला. तिनं काडी पुन्हा टेकवली, पण आता जोर मिळावा म्हणून डावा तळहात त्या पात्यांवरच रोवला. मी माईक झाकला. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगतो.

"खालची तार काढतो," मी म्हणालो. "दोनच भोंगे राहतील, भार निम्मा होईल. निदान हे तरी वाचतील. नाहीतर चारही जातील, जुमिरा."

"नाही."

"अगं, पेटी गेली तर…"

"खाली कोण आहे, पाक?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. सार्जीचं नाव तिनं घेतलं नाही. "तुम्ही बोलत राहा."

मी बोलत राहिलो. बासिर केव्हा उठले मला कळलं नाही. त्यांनी पिण्याच्या पाण्याची घागर आणली, स्वतःच्या डोक्यावरची काळी टोपी काढून भिजवली आणि हीटसिंकच्या मागच्या बाजूला, वायरींपासून लांब, दाबून धरली. चर्र झालं. "आकडा सांगा, आकडा!" ते ओरडले. अडतीस. सदतीस. टोपी पुन्हा भिजवली. चौतीस. लहान ट्रान्झिस्टरला आता उष्णता पोचायला लागली होती, त्यानं आपलं काम सुरू केलं. अठ्ठावीस. चोवीस. मी मधे मधे ओरडत होतो, घसा फाटला होता, शब्द कोणते बाहेर पडत होते देव जाणे. वीस. एकोणीस. मग आकडा तिथंच राहिला.

तेवढ्यात जमीन थरथरायला लागली. आवाज आधी पायांतून येतो, कानात नंतर. वळणावरून ती करडी भिंत आली. तिच्या तोंडाशी झाडं उभीच्या उभी चालत होती. माझा माईक चालू होता. पण त्या आवाजापुढं भोंगे म्हणजे काहीच नव्हते. जे वर आले ते आले, असं म्हणून मी माईक खाली ठेवला.

लोंढा चौकीसमोरून सरायला पाव तास लागला. जुमिरा तशीच उभी होती, काडी दाबून. बासिरांनी बटण बंद केलं तरी तिनं काडी सोडली नाही.

मग खालच्या पायवाटेनं माणसं यायला लागली. चिखलानं माखलेली, कुणी अनवाणी, कुणी हसत होतं, कुणी ओकत होतं. मी मोजत होतो. अडतीस. एकोणचाळीस. सार्जी शेवटच्या चौघांत होता. त्याचा ट्रक गेला होता, त्याचा डबा, चपला, सगळं गेलं होतं. तो चौकीत आला, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "ड्रिल गेलं."

"जाऊ दे," जुमिरा म्हणाली.

त्यानं तिच्या हातातून काडी काढून घेतली. डावा तळहात उलटा केला. त्यावर हीटसिंकच्या पात्यांच्या पाच रेघा उमटल्या होत्या, लालबुंद. घागरीतल्या उरलेल्या पाण्यात तिचा हात धरून बसला.

बेचाळीस माणसं नदीत होती, बेचाळीस वर आली. सातातले दोनच ट्रक आणि एक पंप गेला. संध्याकाळी गावात कोंबड्या कापल्या गेल्या, भात रांधला गेला, प्रार्थना झाली. सगळे मला विचारत होते, "पाक, ते एकतीस म्हणजे काय? एकतीसपर्यंत मोजून मग लोंढा येणार होता का? आम्ही तर आकडा ऐकून जास्तच जोरात पळालो." ते जुमिराला विचारा, असं मी म्हटलं. पण ती तिथं नव्हती.

नदी जरा सुकल्यावर, चारेक दिवसांनी, मला ती पात्रात दिसली. हाताला पट्टी, दुसऱ्या हातात वही. त्या दिवशी जो जिथं उभा होता तिथं त्याला परत उभा करत होती आणि विचारत होती, काय ऐकलंस? नक्की कोणता शब्द? केव्हा? मी खाली उतरलो. तिनं भोक पाडून लहान ट्रान्झिस्टर पक्का बसवला होता. बायसच्या स्क्रूची जोडणीही बदलली होती, म्हणजे तो कधी तुटला तरी प्रवाह वाढण्याऐवजी कमी होईल. पेटीचं काम झालं होतं. आता ती या कामाला लागली होती.

खडी निवडणारी बू तुम्पी नावाची बाई एका मोठ्या खडकाच्या आडोशाला उभी होती. "मला काही ऐकू आलं नाही गं," ती म्हणाली. "सगळे पळाले म्हणून मी पळाले. उगाच कशाला खोटं सांगू?"

"कुणीच पळालं नसतं तर?" जुमिरानं विचारलं.

जुमिरानं त्या जागी बांबूची खुंटी ठोकली, तिला लाल चिंधी बांधली आणि वहीत लिहून घेतलं. अशा तीन जागा निघाल्या. महिन्याभरात पाचवा आणि सहावा भोंगा लागला. वेटोळं पुन्हा मोजून गुंडाळलं गेलं. नवा सायरनही आला. पाक बासिरांनी तो बसवून घेतला आणि जुमिराची पेटी शेजारी तशीच ठेवली. त्या पावसाळ्यात लाहार आणखी चार वेळा आला. माणूस एकही गेला नाही.

आता दर लेगीच्या दिवशी सकाळी नऊला आम्ही परीक्षा घेतो. मी माईकशी असतो. जुमिरा चौकीत थांबत नाही. ती पात्रात उतरते आणि एकेका खडकामागं जाऊन उभी राहते, ट्रक चालू असताना, पाठ माझ्याकडे करून. मी एकदा बोलतो आणि गप्प होतो. खडकाच्या वर तिचा हात दिसला, किंवा खालच्या न दिसणाऱ्या उतारावरून हॉर्न आला, की पुढचा शब्द उच्चारतो. इशारा नाही आला, तर तिथं ऐकू येईपर्यंत आम्ही दोघं त्या दिवशी घरी जात नाही.